कुठेतरी पाणी मुरतंय

रा. रा. वर्कशॉपचालक महोदय,
मुक्काम लीड्सबाहेर, यॉर्कशायर, यांसी
कृतानेक नमस्कार, विनंती विशेष.

पत्रास कारण की, आपले आभार मानायचे राहून गेले आहेत. सर्व्हिसिंगचं बिल मी दरवर्षी त्याच दिवशी चुकतं करत आले, पण पैसे दिले म्हणजे उपकार फिटतात असं थोडंच आहे? आपण माझ्या घरच्यांसाठी जे करून ठेवलंत ते चार लोकांना कळलं पाहिजे. म्हणून हे खुलं पत्र.

आपणांस मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. आपल्यासाठीचं इंग्रजी पत्र नोंदणीकृत टपालाने वेगळं पाठवलं आहे. त्यात नमस्कार-चमत्कार नाहीत, कलमं आहेत. हे पत्र आमच्या माणसांसाठी आहे. लीड्स-मँचेस्टरपासून लेस्टरपर्यंत माझ्या ओळखीच्या मराठी घरांतून वरचेवर विचारणा होते, कॅरॅव्हॅन घ्यावी का? जरूर घ्या, असं मी सांगते. आणि लगेच आपलंही नाव सांगते. इथे ते छापत नाही, एवढंच.

आपल्या आवारात उभी राहणारी ती पांढरी कॅरॅव्हॅन, म्हणजे आमची व्हॅन, आपल्या लेखी एक जॉब नंबर होती. आमच्या लेखी ती काय आहे, हे सांगायची परवानगी असावी. चिपळूणहून सासूबाई येतात तेव्हा त्यांना हॉटेलात करमत नाही. पहाटे स्वतःच्या हातचा चहा हवा, आंघोळीनंतर देवापुढे उदबत्ती हवी, आणि कांद्याच्या फोडणीचा वास शेजारच्या खोलीत जाईल ही धास्ती नको. व्हॅनमध्ये हे सगळं जमतं. शुक्रवारी मुलं शाळेतून येईपर्यंत डबे भरून तयार असतात. ए-६५ रस्त्याने स्किप्टन, सेटल, कर्कबी लॉन्सडेल करत आम्ही लेक डिस्ट्रिक्टच्या वाटेला लागतो आणि रात्रीचं जेवण एखाद्या शेतकऱ्याच्या कुरणात होतं. कॅरॅव्हॅन क्लबच्या सभासदांसाठी असलेल्या या छोट्या जागांवर एका वेळी पाचच कॅरॅव्हॅन उभ्या करता येतात, असा इथला १९६० सालापासूनचा कायदा आहे. पाच बिऱ्हाडं, मेंढ्या आणि एक नळ. त्या नळावरून चाळीस लिटरचं पाण्याचं पिंप कुणी लोटत आणायचं यावरून माझ्या मुलांची भांडणं होतात. सासूबाईंनी तिथल्या शेतकरणीला थालीपीठ शिकवलं आहे. ज्या देशात आम्ही वीस वर्षं नोकऱ्या करून फक्त रस्ते आणि ऑफिसं पाहिली, तो देश आम्हाला या व्हॅनने दाखवला.

तर अशी ही व्हॅन दरवर्षी वसंतात आम्ही आपल्या स्वाधीन करत होतो.

आपल्या पेनाचे आभार आधी मानते. आमच्या मोटारीला इथे दरवर्षी एमओटीची सक्तीची तपासणी असते. साडेतीन टनांच्या आतल्या कॅरॅव्हॅनला ती नाही. दीड टन वजनाचं घर मोटारीला अडकवून मोटरवेवर ताशी साठ मैलांनी न्यायला कायद्याची मुभा आहे, पण त्याचे ब्रेक, टायर, गॅस कुणी वर्षातून एकदा बघावेत अशी सक्ती नाही. म्हणजे मधे उभा काय तो आपल्या सर्व्हिस शीटचा कागद आणि त्याखालची आपली सही. एवढा मोठा अधिकार आपण किती सहज वापरता! एका ओळीत वरपासून खालपर्यंत बरोबरच्या खुणा, एकाच झोकात. पेन उचललेलंही दिसत नाही.

आपल्यामुळे मला कॅरॅव्हॅनचं पोट कळलं, हे दुसरं ऋण. आमच्या व्हॅनचा सांगाडा लाकडी. बाहेरून ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, आतून कागदी डिझाइन चिकटवलेली प्लाय, आणि मधे थर्माकोलचा थर. बाजूची भिंत पुढच्या भागाला जिथे मिळते, तिथे कोपऱ्यावर ॲल्युमिनियमची पट्टी बसवून स्क्रू मारलेले असतात आणि पट्टीखाली सीलंट भरलेलं असतं. हे सीलंट कायम मऊ राहत नाही. काही वर्षांनी ते वाळतं, आक्रसतं, भेगाळतं. व्हॅन रस्त्यावर हादरत जाते, सांधे हलत राहतात, आणि एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत शिरतं. खिडक्यांचे कोपरे, छतावरची झडप, कोपऱ्यातले दिवे, बाहेरचे धरायचे दांडे, जिथे जिथे भोक पाडलेलं आहे तिथे तिथे हा धोका. आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. प्लाय आणि पत्रा यांच्या मधे ते लाकूड खात बसतं. भिंतीवर डाग दिसेपर्यंत आतलं लाकूड बहुधा गेलेलं असतं.

म्हणूनच वर्षातून एकदा ओल मोजायची असते. आपल्या बिलावर ती ओळ कधी चुकली नाही.

लेक डिस्ट्रिक्टच्या पावसाबद्दल आपल्याला मी काय सांगावं? बॉरोडेलच्या खोऱ्यातलं सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण; वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक. आमच्या महाबळेश्वरला याहून कितीतरी जास्त पडतो, पण तो चार महिन्यांत पडून मोकळा होतो. इथे बारा महिने भिजणं चालू असतं, वाळायला सवड नाही. अशा हवेत उभ्या राहणाऱ्या व्हॅनच्या भिंती आपल्या कागदावर वर्षानुवर्षं कोरड्याठाक. काय हातगुण म्हणायचा!

हा हातगुण उघडकीला आणला तो सासूबाईंनी. एप्रिलमध्ये आम्ही तिथल्याच डर्वेंटवॉटर तळ्याजवळ मुक्कामाला होतो. पुढच्या मोठ्या खिडकीखालची बैठक रात्री त्यांचा पलंग होते. सकाळी उठल्या त्या खोकत. गोधडीचा एक कोपरा हातात घेऊन म्हणाल्या, "सूनबाई, इथे कुठेतरी पाणी मुरतंय." मी म्हटलं, काल पाऊस होता, सर्दावली असेल. त्यांनी मान हलवली. २०२१ च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा त्यांच्या घरात ते कमरेच्या वर होतं. पुढे कित्येक महिने त्यांनी भिंती वाळवल्या, कपाटांच्या पाठी उकरून काढल्या. पावसाने दमट झालेल्या कापडाचा वास आणि भिंतीच्या आत कुजणाऱ्या लाकडाचा वास यांतला फरक त्यांना कुणी शिकवायला नको. महोदय, आपल्याकडे प्रमाणपत्रं आहेत, भिंतीवर चौकटीत लावलेली आहेत. एका चिपळूणकर बाईने झोपेतून उठून जे सांगितलं, ते त्या चौकटींपैकी एकीनेही आपल्याला सांगू नये?

घरी आल्यावर मी दुसऱ्या कारागिराला बोलावलं. घरोघरी जाऊन काम करणारा, साठी उलटलेला माणूस. त्याने आधी चहा नाकारला, मग बूट काढून आत आला. खिशातून दोन सुयांचं मीटर काढलं आणि सुरुवात कुठून केली, तर जी भिंत चांगली असणार याची त्याला खात्री होती तिथून. मागच्या पलंगाच्या वर, अकरा. "ही तुमची कोरडी भिंत," तो म्हणाला, "आता बाकीचं हिच्याशी ताडून बघू." साधारण पंधरा टक्क्यांपर्यंत ठीक, पंधरा ते वीस म्हणजे लक्ष ठेवा, पुन्हा मोजा, विसाच्या पुढे काम काढावं लागतं, तिसाच्या पुढे सांगाडा सडत असल्याची भीती. हे सगळं तो मला मोजता मोजता समजावत होता. प्रत्येक कपाट रिकामं करवून घेतलं, प्रत्येक गादी उचलली. दाराशी चौदा. स्वयंपाकाच्या ओट्यामागे सोळा. खिडकीच्या डाव्या कोपऱ्यात सव्वीस. मग त्याने पुढची बैठक उचलली, फळी काढली, आत वाकून टॉर्च मारला आणि काही न बोलता मीटर माझ्या हातात दिलं. म्हणाला, "तुम्हीच लावा."

मी सुया टेकवल्या. काटा शेवटाला जाऊन थांबला. तिथली भिंत अंगठ्याने दाबली, तर ती चहात बुडवलेल्या खारीसारखी आत गेली आणि अंगठ्याचा ठसा तसाच राहिला. कागदी डिझाइनच्या मागे काळी बुरशी, हाताच्या पंजाएवढी. नेमकी त्याच जागी, जिथे सासूबाईंचं डोकं येतं.

"हे एका हिवाळ्याचं काम नाही," कारागीर म्हणाला. "हे तीन-चार वर्षं चाललंय."

त्या तीन-चार वर्षांचे आपले कागद माझ्याकडे आहेत. ते जपून ठेवायची सवय मला आमच्या वडिलांनी लावली, त्यात आपला वाटा नाही. पण त्या कागदांत वाचण्यासारखं इतकं काही असेल, याची कल्पना मला आपण दिलीत, त्याबद्दल ऋणी आहे. ओल तपासणीच्या कागदावर व्हॅनचा नकाशा असतो, भिंतीभिंतीवर ठिपके असतात, आणि प्रत्येक ठिपक्यापाशी मीटरवरचा आकडा हाताने लिहायचा असतो. मी दोन वर्षांचे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेवर धरले. अकराखाली अकरा. बाराखाली बारा. एके ठिकाणी आपल्या माणसाने तीन गिरवून जाड केला होता. दुसऱ्या वर्षीही तोच तीन, तसाच जाड. एका वर्षी सर्व्हिसिंग वादळी पावसाच्या आठवड्यात झालं होतं, दुसऱ्या वर्षी कोरड्या उन्हाच्या. भिंतींना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं.

आणखी एक गोष्ट. आपल्या नकाशात मागच्या भिंतीला न्हाणीघर आहे आणि तिथल्या ओलीचा आकडा आहे, बारा टक्के. आमच्या व्हॅनला मागे न्हाणीघर नाही. मागे पलंग आहे. न्हाणीघर मधोमध, डाव्या अंगाला. जी भिंत अस्तित्वातच नाही, तिच्यात सुया खुपसून आपण बारा टक्के ओल मोजलीत. आणि जी भिंत आहे, जिच्याशी एक म्हातारी बाई डोकं टेकून झोपते, तिच्यापर्यंत आपला हात पोचला नाही. बैठक उचलायला दहा सेकंद लागतात, महोदय. मी मुलीकडून उचलून घेतली. ती दहा वर्षांची आहे.

आपल्या त्या कोरड्या आकड्यांचा उपकार इथेच संपत नाही. व्हॅन बनवणाऱ्या कंपनीची गळतीविरुद्धची हमी आमच्याकडे होती. अट एकच, दरवर्षी ठरल्या मुदतीत सर्व्हिसिंग आणि ओल तपासणी झालेली असावी. आम्ही ती अट पाळली होती, तारखा पाहा. हमी अजून शिल्लक असताना, पहिल्याच वर्षी आपण खरा आकडा लिहिला असता, तर कोपऱ्यावरची पट्टी काढून, नवं सीलंट भरून, एखादी फळी बदलून कंपनीच्या खर्चाने काम झालं असतं. आता हमीची मुदत संपली. आणि कंपनीने आम्हाला अत्यंत नम्रपणे आपलेच कागद दाखवले: हमी चालू होती तोवर व्हॅन कोरडी होती, पाहा, तुमच्याच वर्कशॉपची सही आहे. आता पुढची अख्खी भिंत उघडायची, सांगाड्याचे तुकडे कापून नवे जोडायचे, आणि खर्च हजारो पौंडांत. इतक्या पैशांत आम्ही सासूबाईंचं चिपळूणचं स्वयंपाकघर पुन्हा उभं केलं होतं.

आपली रीतभातही अशी की शिकावी. व्हॅन ओढण्याचा परवाना माझा आहे. १९९७ पासून गाडीची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांना, मोटार आणि व्हॅन मिळून वजन साडेतीन टनांच्या वर जात असेल तर, वेगळी परीक्षा द्यावी लागत असे. ती अट डिसेंबर २०२१ मध्ये गेली. मी त्याआधीच ती परीक्षा दिली, व्हॅनसकट उलटं घेऊन खुणेच्या आत थांबवून दाखवलं. सर्व्हिसिंगचे प्रश्न मी विचारायची, आणि उत्तरं आपण माझ्या नवऱ्याकडे बघून द्यायचात. त्यांना टोबार आणि पंप यांतला फरक सांगता येत नाही हे ते स्वतः सांगत, तरी आपला आदर कमी झाला नाही. ओलीचं विचारलं की, "नो वरीज, लव्ह, ड्राय ॲज अ बोन." हे वाक्य मात्र माझ्याकडे बघून.

ओल सापडल्यावर मी आपल्याकडे आले, तेव्हा आपण मनाचा केवढा मोठेपणा दाखवलात! चूक मान्य नाही, पण सद्भावना म्हणून पुढचं सर्व्हिसिंग फुकट. मी ते घेतलं. त्याआधी त्या म्हाताऱ्या कारागिराने मला दोन गोष्टी दाखवून ठेवल्या होत्या.

पहिली टायरची. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात, आधी आठवडा, मग वर्ष. आमच्यावर २२१३ होतं. म्हणजे २०१३ चा बाविसावा आठवडा. कॅरॅव्हॅनचे टायर झिजून जात नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. नक्षी नव्यासारखी दिसते आणि रबर आतून फाटतं. पाच वर्षांनी बदलावेत, सातच्या पुढे वापरूच नयेत, असा इथला सर्वमान्य सल्ला आहे. आपल्या कागदावर टायरपुढे दरवर्षी बरोबरची खूण. नवे टायर मी पैसे भरून आपल्याचकडे घालायला सांगितले.

दुसरी गोष्ट ब्रेकची. ब्रेकच्या पट्ट्या पाहायच्या तर ड्रम काढावा लागतो, आणि ड्रम ज्या मोठ्या नटाने धरलेला असतो तो एकदाच वापरायचा असतो. काढला की फेकायचा, नवा लावायचा, ठरलेल्या ताकदीने आवळायचा. त्या नटावर एक टोपण असतं. व्हॅन आपल्याकडे सोडण्याआधी मी त्या टोपणावरून ड्रमपर्यंत निळ्या नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली, दोन्ही चाकांना. मुलीची बाटली होती.

व्हॅन परत आली. बिलावर "ब्रेक तपासले, साफ केले, जुळवले", आणि "हब नट, नवे, दोन, किंमत शून्य". रेघा अखंड होत्या. टोपणाच्या कडेला धूळ होती तशी होती. नट लावलेच नाहीत, तेव्हा किंमत अगदी बरोबर लावलीत.

व्हॅन मोटारीला जोडणारी हिच मात्र आपण आठवणीने आतून ग्रीसने माखून दिलीत. आमच्या हिचमध्ये व्हॅनचे हेलकावे रोखणाऱ्या घर्षणपट्ट्या आहेत, मोटारीच्या टोबारवरच्या गोळ्याला घट्ट धरून बसणाऱ्या. त्यांना ग्रीसचा थेंब चालत नाही, हे हिचवरच्या स्टिकरवर चित्रासकट छापलेलं आहे. पट्ट्या बदलाव्या लागल्या.

आणि आता डावं चाक. इथे मला आपला मान राखता येणार नाही.

तुम्ही नवे टायर घातलेत, म्हणजे चाकं काढलीत आणि परत लावलीत. दर प्रवासाआधी मी टॉर्कचा पाना घेऊन प्रत्येक नट तपासते. कॅरॅव्हॅनचं चाक निखळणं ही ऐकीव गोष्ट नाही. या देशातला प्रत्येक जुना कॅरॅव्हॅनवाला त्याबद्दल सांगेल. उजव्या चाकाचे नट बरोबर होते. डाव्या चाकाच्या पहिल्या नटाला पाना लावला तर तो फिरतच राहिला. पाऊण फेरा. दुसरा तसाच. तिसरा मी बोटांनी फिरवला. त्या संध्याकाळी आम्ही ए-६५ ने जाणार होतो. मागे व्हॅन, गाडीत दोन मुलं आणि सासूबाई. त्या रस्त्याच्या कडेने शाळकरी पोरंही सायकली नेतात. दीड टनाच्या व्हॅनचं सुटलेलं चाक कुणाच्या अंगावर गेलं असतं, हे मी त्या दिवशी अंगणात गुडघ्यावर बसून पुष्कळ वेळ मनाशी पाहत होते. तुमच्या कागदावर "व्हील नट टॉर्क केले" यापुढे खूण आहे. त्याच झोकातली.

लाकूड कुजलं ते पैशाने भरून निघेल. ही खूण पैशाने भरून निघणारी नाही. ज्याने ती केली त्याला ठाऊक होतं की आपण नट आवळलेले नाहीत, किंवा त्याला ते जाणून घ्यायचंच नव्हतं. दोन्ही सारखंच. तुमच्या आवारात त्या दिवशी आणखी बऱ्याच व्हॅन उभ्या होत्या. त्यांतल्या एकीच्या मागच्या खिडकीला तान्ह्या बाळासाठीचा पडदा लावलेला होता. त्यांचे नट कुणी तपासले?

असो. पुन्हा सौजन्याकडे वळते, महोदय, कारण पत्र अजून संपलेलं नाही.

आपल्याच देशातलं एक उदाहरण सांगू का? १८८५ साली आपल्याकडच्या एका निवृत्त नौदल डॉक्टरांनी, गॉर्डन स्टेबल्स यांनी, नुसत्या हौसेने फिरण्यासाठी म्हणून ब्रिस्टलच्या कारखान्यात एक घोड्यांची गाडी बांधून घेतली आणि तीत राहत ते स्कॉटलंडपर्यंत गेले. 'वॉन्डरर' तिचं नाव. हौसेच्या कॅरॅव्हॅनची सुरुवात इथे तिच्यापासूनच सांगतात. ती लाकडाची आहे, आणि ती अजून आहे, क्लबने जपून ठेवली आहे. लाकूड टिकतं, महोदय. कुणीतरी ते दर वर्षी खरोखर बघावं लागतं.

आता आमच्या माणसांना दोन शब्द, आपल्या साक्षीने. व्हॅन सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा ओलीच्या मोजणीला समोर उभं राहू द्या म्हणून मागणी करा. नाही म्हणाले तर व्हॅन अडकवून तशीच माघारी आणा. ओलीचा कागद आकड्यांसकट मागा, नुसत्या खुणांचा नको, आणि मागच्या वर्षीच्या कागदाशी काचेवर धरून बघा. नकाशा तुमच्याच व्हॅनचा आहे ना, हेही बघा. काढलेले जुने हब नट पिशवीत घालून परत मागा. ज्याने खरोखर बदलले त्याला देण्यात काही अडचण नसते. ओल मोजायचं साधं मीटर एका कुटुंबाच्या हॉटेलातल्या एका जेवणाहून स्वस्त मिळतं. दर दोन महिन्यांनी पुढच्या बैठका उचलून कोपऱ्यात लावा, आकडा वहीत लिहा. चाकाचे नट स्वतः आवळायला शिका, मुलींनाही शिकवा. आणि घरातलं वडीलधारं माणूस वास येतोय म्हणालं, तर सर्व्हिस शीट बाजूला ठेवा आणि आधी भिंत उघडा.

व्हॅन विकून टाका, असं मला पुष्कळांनी सुचवलं. नाही विकणार. भिंत झाकून, वर नवा कागद चिकटवून ती कुणा दुसऱ्याच्या गळ्यात मारणं सोपं आहे, आणि तसं करणारे आहेत. तिथेही मग कुणाची तरी आई झोपेल. आम्ही ती उघडली आहे आणि नीट बांधून घेतो आहोत. पावसाळी शनिवारी छतावर थेंब वाजत असताना चौघांनी पत्ते खेळत बसायचं आणि ओट्यावर भजी तळली जायची, हे माझ्या मुलांच्या बालपणातून मी आपल्या सहीपायी काढून टाकणार नाही.

मागणं फार नाही. ज्या ज्या वर्षी ओल मोजली असं आपण लिहिलंत, त्या त्या वर्षी ती कुणी, कुठल्या मीटरने मोजली हे लेखी द्यावं. पुढच्या भिंतीच्या दुरुस्तीचा खर्च द्यावा. आणि ज्या ज्या ग्राहकाच्या व्हॅनला आपल्याकडे आमच्या फुकट सर्व्हिसिंगच्या आठवड्यात चाकं लावली गेली, त्या प्रत्येकाला फोन करून नट तपासायला सांगावं. हे तिसरं मागणं पहिलं समजावं. त्यासाठी माझ्या पत्राची मुदत संपायची वाट पाहू नये. या देशाच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार सेवा वाजवी काळजीने आणि कौशल्याने देणं आपल्यावर बंधनकारक आहे. दहा हजार पौंडांपर्यंतचा दावा वकिलाशिवाय छोट्या दाव्यांच्या न्यायालयात चालवता येतो, आणि मागच्या सहा वर्षांपर्यंतचा विषय तिथे नेता येतो. इंग्रजी पत्र पोचल्यापासून चौदा दिवस मी वाट पाहीन. कागद, फोटो आणि त्या कारागिराचा लेखी अहवाल तयार आहे.

मंडळींना नमस्कार. आपल्याकडे नव्याने लागलेला तो उमेदवार पोरगा, टायर घालताना मला "सॉरी, दे टोल्ड मी टु हरी" म्हणाला होता, त्याला आशीर्वाद. त्याला चांगलं काम शिकवणारा कुणी मिळो.

कळावे, लोभ नसावा ही विनंती.

आपली,
डाव्या चाकामागची एक ग्राहक

ता. क. – पुढची भिंत उघडताना निघालेल्या फळ्या आम्ही फेकलेल्या नाहीत. प्रत्येकीवर जागा आणि तारीख लिहून त्या गॅरेजमध्ये ओळीने ठेवल्या आहेत. पाहायच्या असतील तर कधीही यावं. येताना मीटर आणावं.